मडके, झाडू आणि कला

चांदवडला पाहुणा आला की आपण त्याला होळकरांचा रंगमहाल दाखवतो. कोरीव लाकडी खांब, भिंतींवरची चित्रे पाहून पाहुणा थक्क होतो. ही कला आहे, हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. मात्र त्याच पाहुण्याला घरातली मडक्यांची उतरंड दाखवून 'हीसुद्धा कला' असे आपण म्हटले तर तो हसेल. खरे सांगायचे तर पूर्वी आम्हीही हसलो असतो.

परंतु 2022 साली जर्मनीतील बर्लिन शहराच्या मोठ्या कलाप्रदर्शनात महाराष्ट्राचे कलावंत प्रभाकर कांबळे यांनी अशीच मडक्यांवर मडकी रचून मांडली. कृतीचे नावच 'उतरंड'. उतरंडीत प्रत्येकाचा भार खालच्यावर आणि तळाच्या मडक्यावर सर्वांचा! बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती येथे निरक्षर माणसालाही डोळ्यांनी दिसते.

मग नुसते चित्र का काढले नाही? कारण मडके स्वतःच साक्षीदार आहे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू असे, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या ग्रंथात नोंदवले आहे.

पुण्याच्या राज्यश्री गूडी यांचे काम पाहा. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर महाडच्या सनातन्यांनी 108 घागरी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' केले. राज्यश्रीताईंनी 108 पेल्यांत पंचगव्य ओतून ते सुकू दिले आणि विचारले, पाण्याची जात कोणती? शेण-गोमूत्राने पाणी शुद्ध होते आणि माणसाच्या ओंजळीने बाटते, हा खोटेपणा ते वाळलेले पेलेच सांगतात. रंगांनी रंगवलेल्या पेल्यांना हे जमले नसते.

कला कशाला म्हणावे, हा वाद तसा जुनाच आहे. 1917 साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताने बाजारातून आणलेले मुतारीचे भांडे पाठवले. आयोजकांनी ते मांडले नाही. आज कलेच्या इतिहासात त्याचा अभ्यास होतो.

म्हणून कोणतीही वस्तू उचलून ठेवली की कला झाली, असे आम्ही म्हणत नाही. आमची कसोटी साधी आहे. त्या वस्तूच्या जागी दुसरी ठेवली तर अर्थ हरवतो का? हरवत असेल, तर ती वस्तू विचारपूर्वक निवडलेली आहे.

मातांनो, पित्यांनो, रंगमहालाचे खांब कोरणाऱ्या हातांची नावे आपल्याला कोणी सांगत नाही. आपल्या घरातले जाते, कांद्याचे फाटके बारदान, वडिलांचे झिजलेले फावडे यांनाही आजवर कोणी बोलू दिले नाही. आपले मूल उद्या यातून काही घडवू लागले, तर 'कचरा कशाला मांडलास?' म्हणून रागावू नका. जवळ बसवा आणि विचारा, 'बाळ, हे काय सांगते?'