उतारवयातील पोहणे आणि कंबरदुखी

साठी ओलांडलेल्या माणसाला पोहण्यासारखा व्यायाम नाही, असे आपण नेहमी ऐकतो आणि ते बरेचसे खरेही आहे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की देहाचा सुमारे निम्मा भार पाणी उचलते. छातीइतक्या पाण्यात पायांवर जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. असे असूनही नेमाने पोहणाऱ्या वयस्कर मंडळींची कंबर धरते, आणि पहिली कळ येताच पुष्कळजण पाण्याला कायमचा रामराम ठोकतात. हे पाऊल बहुधा घाईचे असते. सोडायचे असते ते पोहणे नव्हे, तर पोहण्याची चुकीची ढब.

चेन्नईसारख्या शहरात याचा विचार विशेष अगत्याचा आहे. तेथे कडाक्याची थंडी नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरमधील पावसाचे दिवस वगळले, तर अण्णा नगरात राहणाऱ्या एखाद्या निवृत्त गृहस्थाचा पोहण्याचा नेम वर्षभर चालू शकतो. साहजिकच ढब चुकीची असेल, तर तिचा जाचही कमरेला वर्षभर होतो.

वयोमानाने मणक्यांमधील चकत्या सुकतात आणि मज्जारज्जूची वाटही काहींच्या बाबतीत अरुंद होते. अशा कण्याला मागे वाकणे सोसत नाही. पालथे पोहताना डोके पाण्याबाहेर ठेवले, की कंबर व पाय खाली जातात आणि पाठीची कमान होते. बेडकाप्रमाणे पोहताना श्वासासाठी छाती उचलली की हीच कमान दर हातागणिक पडते. फुलपाखरी पद्धतीत तर ती सर्वांत अधिक.

उपाय अवघड नाहीत. नजर तळाकडे ठेवावी. श्वास घेताना मान उचलू नये. खांदे व कंबर एकदमच कुशीवर वळवावीत आणि श्वास आळीपाळीने दोन्ही बाजूंनी घ्यावा. पाय गुडघ्यातून न झाडता मांडीपासून हलकेच हलवावेत. हात लांब करून फळी धरायची आणि नुसते पाय मारायचे, हा सराव कंबर दुखत असताना टाळावा. बेडूक व फुलपाखरी या पद्धती काही दिवस बाजूला ठेवाव्यात. उताणे पोहणे पुष्कळांना मानवते. आरंभी पाच-दहा मिनिटे पाण्यात चालावे, अंतर नेहमीच्या निम्म्यावर आणावे, आणि बाहेर येताना काठावर हात रोवून अंग उचलण्याऐवजी पायऱ्यांनी यावे.

दुखावलेला कणा आणि पाणी यांचे वैर नाही, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना 1965 च्या युद्धात अनेक गोळ्या लागल्या आणि एक गोळी कण्यात अडकली. उपचार म्हणून ते पोहू लागले, आणि 1972 मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत 50 मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. ते तेव्हा तरुण होते, हे खरे. पण जपानच्या मिएको नागाओका यांनी ऐंशी वर्षांचे वय झाल्यावर गुडघ्याच्या दुखण्यासाठी पोहणे हाती घेतले, आणि 2015 मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी 1500 मीटर अंतर पार केले. आपल्याला विक्रम करायचा नाही. बेताबेताने पुढे जाण्याची चिकाटी तेवढी त्यांच्याकडून घ्यावी.

पोहण्याने हाडांना मात्र पुरेसे बळ येत नाही. त्यासाठी पायांवर भार पडावा लागतो. म्हणून पोहण्याला चालण्याची जोड हवी. अण्णा नगरात 1968 च्या व्यापार मेळाव्यासाठी उभारलेल्या मनोऱ्याभोवतीची बाग अशा फेरफटक्याला सोयीची आहे. घरी उताणे निजून, गुडघे दुमडून कंबर सावकाश उचलावी. तसेच हातापायांवर ओणवे होऊन एक हात व विरुद्ध बाजूचा पाय लांब करावा. दोन्ही प्रकार दुखणार नाही इतपतच करावेत.

दुखते म्हणून दिवसचे दिवस अंथरुणाला खिळून राहणे हितावह नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 मध्ये जगात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती. जुनाट कंबरदुखीसाठी याच संघटनेने 2023 मध्ये व्यायाम व रुग्णशिक्षणाची शिफारस केली. कमरेचे पट्टे व वजन लावून ताण देणे मात्र नेहमीचे उपचार म्हणून योग्य मानले नाही.

तथापि काही लक्षणांत घरगुती उपाय करीत बसू नये. लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, जांघेत बधिरता येणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे यांपैकी काहीही घडल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पडल्यानंतर उद्भवलेले दुखणे, ताप, कारणाविना घटणारे वजन, रात्री विसाव्यातही न थांबणारी वेदना किंवा पूर्वी झालेला कर्करोग, यांबाबत डॉक्टरांना विनाविलंब सांगावे. त्यांनी अनुमती दिल्यावर पुन्हा पाण्यात उतरावे. पहिल्या दिवशी दहा मिनिटे पुरेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर काय म्हणते ते पाहून पुढचे ठरवावे.