धान्यातल्या गोळ्या आणि ‘शॉक’

उन्हाळ्याच्या तोंडावर इंदूर-देवासकडच्या आपल्या घरांतून वर्षाचा गहू भरला जातो. पूर्वी ऊन दाखवून, एरंडेलाचा हात लावून किंवा कडुनिंबाचा पाला घालून कोठी बंद होई. आता कित्येक घरांत ‘सल्फासच्या गोळ्या’ फडक्यात बांधून धान्यात ठेवतात. या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतला ओलावा लागला की त्यांतून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. कीड त्यानेच मरते. पण धान्य ठेवलेल्या बंद खोलीत झोपलेली माणसे, विशेषतः लहान मुले, याच वायूने दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत.

अशा रुग्णाबद्दल डॉक्टर ‘शॉकमध्ये आहे’ असे सांगतात, तेव्हा नातेवाइकांना वाटते की त्याला मानसिक धक्का बसला आहे. वैद्यकातला शॉक वेगळा. शरीराला पुरेसे रक्त पोचत नाही आणि एकेक अवयव बंद पडू लागतो, तो शॉक. विषबाधेत तो अनेक वाटांनी येतो. उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी जाते, किंवा रक्तवाहिन्या सैल पडतात (आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या नातवाने खाल्ल्या तर हेच होऊ शकते), किंवा हृदयच दुबळे होते. फॉस्फीनमुळे पेशींना प्राणवायू वापरता येत नाही. हृदयाचा स्नायू थकतो आणि रक्तदाब इतका उतरतो की सलाईन व औषधे देऊनही तो लवकर सावरत नाही.

फसगत होते ती इथे. रक्तदाब कोसळत असतानाही रुग्ण बऱ्याचदा शुद्धीवर असतो, नीट बोलतो. ‘बोलतोय ना, सकाळी बघू’ असे म्हणण्यात मोलाचे तास जातात. बोलण्यापेक्षा हातपाय पाहावेत: ते गार व घामेजलेले आहेत का, नाडी बारीक आणि जलद आहे का, श्वास धापेचा आहे का. घरातल्या सगळ्यांनाच एकदम मळमळ, डोकेदुखी, छातीत दाटल्यासारखे झाले तर रात्रीचे जेवण बाधले असे गृहीत धरू नये. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला तर संशय घ्यावाच. वास आला नाही म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये.

सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे, १०८ किंवा ११२ ला फोन करावा आणि अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठावे. मिठाचे पाणी पाजून उलटी काढणे, दूध-तूप देणे हे प्रकार करू नयेत. उतारा शोधण्यातही वेळ घालवू नये. हृदयाला आणि श्वासाला आधार देणे हाच इथला मुख्य उपचार आहे. गोळ्यांच्या डब्याचा फोटो डॉक्टरांना दाखवावा. दिल्लीच्या एम्समधील विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर अहोरात्र सल्ला देते.

कोणी जाणूनबुजून विष घेतले असेल तर पोलिसांच्या भीतीने डॉक्टरांपासून ते लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. मन खचलेल्यांसाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

या गोळ्या मुळात घरगुती वापरासाठी नाहीत. हे काम प्रशिक्षित माणसांचे आहे. आधीच घातल्या असतील तर त्या खोलीत आज रात्री कोणी झोपू नये, आणि हाताने त्या उकरून काढायलाही जाऊ नये.