नळावरचे भांडण

ठाणे जिल्ह्यातले भिवंडी हे मागांचे गाव. काही गल्ल्यांत खटखट एवढी, की शेजारच्या माणसाशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो. ह्याच गावात ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली, आणि मे १९८४ मध्ये पुन्हा एकदा. माणसे मेली, घरे जळाली, माग बंद पडले.

"दंगल अचानक पेटली," असे आपण सहज बोलून जातो. पण १९७० च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मदन यांच्या आयोगाने केली, तेव्हा मागच्या काही वर्षांच्या कुरबुरी पुढे आल्या. मिरवणूक कुठून न्यायची, घोषणा कोणत्या द्यायच्या, गुलाल कुठे उधळायचा, ह्यांवरून मने आधीच विटली होती.

आता नळावरचे साधे भांडण घ्या. आधी नंबर कोणाचा, एवढीच गोष्ट. शब्दाने शब्द वाढतो, घरची माणसे धावतात, मग गल्ली जमते. भांडणारे दोन धर्मांचे निघाले, की हंडा राहतो बाजूला आणि भांडण दोन जमातींचे होऊन बसते. अफवेला मग पाय फुटायला कितीसा वेळ?

पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे १९८८ साली भिवंडीत आले, त्यांनी नेमके इथेच लक्ष घातले. त्यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे पोलिसांबरोबर बसू लागली, तंटा लहान आहे तोवर मिटवू लागली. अफवा कानावर आली तर खरेखोटे कोणाला विचारायचे, हेही ठाऊक झाले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. २००७ पासून आपल्या राज्यात गावोगाव तंटामुक्त समित्या निघाल्या, त्यांचा विचारही ह्याच्या जवळचाच.

एक मात्र आहे. समितीची नजर नळापर्यंत जाते; उंबऱ्याच्या आत जात नाही. ज्या घरात आईला मार बसतो, तिथले पोर काय शिकते? सगळीच पोरे तशी निघत नाहीत, हे खरे. पण वाद मिटवायचा तो हात उगारूनच, अशी काहींची समजूत होते, आणि तोच हात पुढे बायकोवर, शेजाऱ्यावर, जमावात दगडाकडे वळू शकतो.

गुरुजींना हे आधी दिसते. वर्गात रोज मारामारी करणाऱ्या मुलाला छडी देण्याआधी त्याला एकट्याला बसवून घरची चौकशी करावी. आईला मार बसत असेल तर २००५ च्या कायद्याप्रमाणे तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. मुलासाठी १०९८ आणि बाईसाठी १८१ हे दूरध्वनी क्रमांक शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा.