‘संगीत सौभद्र’ आज करायचं तर काय गाळायचं?

बोईसरमध्ये संगीत नाटकाचा विषय काढला की दोन बाजू पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, एकही पद गाळू नका. तरुण म्हणतात, अडीच तासांत संपणार असेल तर येतो. ज्याला सकाळी सातच्या पाळीला एमआयडीसीत हजर व्हायचंय, त्याचंही चुकत नाही. तेव्हा आज आपण एकच प्रश्न घेऊ: ‘सौभद्र’मधलं काय बदललं तरी चालेल, आणि काय बदललं तर ते ‘सौभद्र’ उरणार नाही?

तत्त्वज्ञानात एक जुनं कोडं आहे. जहाजाच्या फळ्या एकेक करून सगळ्या बदलल्या, तर जहाज तेच राहिलं का? नाटकाच्या बाबतीत आम्ही हा प्रश्न थोडा फिरवून विचारतो. कुठली फळी काढली की जहाज बुडतं?

त्यासाठी अण्णासाहेब किर्लोस्करांनी काय केलं ते पाहायला हवं. १८४३ पासून विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत गाण्याचा भार सूत्रधारावर असे, पात्रं बरंचसं आयत्या वेळी बोलत. किर्लोस्करांनी १८८० च्या ‘शाकुंतल’मध्ये गाणं पात्राच्याच तोंडी दिलं. १८८२ च्या नोव्हेंबरात ‘सौभद्र’चे पहिले तीन अंक पुण्यात झाले, पुढच्या वर्षी पाचही अंक रंगभूमीवर आले. सुभद्रा होते भाऊराव कोल्हटकर.

आता कथानक बघा. महाभारताच्या आदिपर्वात सुभद्रेला कोणी काही विचारतच नाही. स्वयंवराचा भरवसा नाही, तेव्हा तिला उचलून ने, असा सल्ला कृष्ण अर्जुनाला देतो. किर्लोस्करांची सुभद्रा मात्र आधीच अर्जुनावर मन जडवून बसलेली आहे. बलरामदादाने तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, ते तिला मान्य नाही. म्हणजे हरणाच्या कथेची त्यांनी प्रेमकथा केली. जुन्या कथेत जिला आवाज नव्हता, तिच्या तोंडी पदं दिली. आमच्या मते ‘सौभद्र’ची मुख्य फळी ती हीच. मोठ्या भावाने परस्पर ठरवलेलं लग्न, ही गोष्ट काही पुराणातच राहिलेली नाही. तुमच्या-आमच्या घरांत ती अजून घडते.

याच कसोटीवर काटछाट करून बघू. नाटकात शंभराहून अधिक पदं आहेत, सगळी आज होणार नाहीत. मग सहसा काय होतं? साक्या, दिंड्या, कामदा असली छोटी पदं गाळतात आणि गायकाला वाव देणारी मोठी पदं ठेवतात. आम्हाला हे उलटं वाटतं. ती छोटी पदं म्हणजे गाण्यातलं बोलणं असतं, कथा त्यांच्यावर पुढे सरकते. ती गेली की उरते मैफल, मधेमधे संवाद असलेली. तास तास रंगणारी रागदारी मूळ किर्लोस्करी बाजाची नव्हे. बालगंधर्वांच्या काळात, १९१६ च्या ‘स्वयंवर’सारख्या नाटकांना भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तेव्हा ती वाट रुंद झाली. ते वैभवच होतं, पण ते नंतरचं. म्हणून पद ठेवा, आलाप आवरा. ‘वन्स मोअर’ एखादाच घ्या.

भाषेचं काय? आपल्या सभागृहात वाडवळी, वारली, गुजराती, हिंदी बोलणारी माणसं शेजारी शेजारी बसतात. जड संस्कृत शब्द बदलून चालीत खडे आणण्यापेक्षा, अर्थ आधीच्या संवादात आणि अभिनयात स्पष्ट करावा. इथे तारप्याच्या सुरावर पावलं टाकणारे लोक आहेत. सूर कथा सांगतो हे त्यांना शिकवायला नको.

आता सर्वांत अवघड जागा. अर्जुन यतीचा वेष घेतो, कृष्ण सूत्रं हलवतो, बलराम भक्तिभावाने फसतो आणि सुभद्रेला त्या यतीच्या सेवेला ठेवलं जातं. प्रेक्षागृह हसत असतं. आजची एखादी मुलगी मात्र विचारेल, ‘तिला का नाही सांगत?’ प्रश्न रास्त आहे. पण म्हणून प्रवेश गाळू नये, संहिताही बदलू नये. दिग्दर्शकाने तेवढा वेळ प्रकाश सुभद्रेवर ठेवावा, कृष्णाच्या मिस्कीलपणावर नको. हसू येऊ द्यावं, पण त्याची किंमत कोण मोजतंय तेही दिसू द्यावं. एक शब्दही न बदलता हे साधतं.

थोडक्यात, नेपथ्य साधं करा, वेळ कमी करा, तानांना लगाम घाला, हे सगळं चालेल. पण सुभद्रेचं एखादं पद केवळ वेळेपायी गाळण्याची पाळी आली, तर आधी दुसरं काहीतरी गाळून बघा. तिचा आवाज गेला, तर आपण किर्लोस्करांच्याही मागे जाऊ.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.