झिजलेल्या अक्षरांचा थाट

दांडिया बाजारातील एका जुन्या दुकानावर परवापरवापर्यंत रंगाऱ्याने हाताने काढलेली पाटी होती. अक्षरे लाल, ठसठशीत. पावसापाण्याने रंगाचे पोपडे निघालेले. मालकांच्या चिरंजिवांनी ती उतरवून फ्लेक्सचा फलक लावला. गंमत अशी की, नव्या फलकावरची अक्षरेही जुनी व झिजलेली दिसावीत अशीच संगणकातून निवडलेली! पाटी माळ्यावर गेली आणि तिचे सोंग दारावर आले.

या खरबरीत अक्षरांचे एक मूळ लाकडात आहे. शिशाचे फार मोठे खिळे जड होत, आणि ओतल्यावर निवताना त्यांचा पृष्ठभाग सपाट राहत नसे. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने यंत्राच्या साहाय्याने लाकडी खिळे कोरण्याची रीत काढली, आणि भिंतीवरच्या जाहिरातींना धिप्पाड अक्षरे मिळाली. पुढे लाकूड झिजे, कडांचे टवके उडत, शाई कुठे बसे, कुठे न बसे. मुद्रकाला तो दोष वाटे. आजचा चित्रकार तोच मुद्दाम काढतो.

मराठीत ही किमया खिळ्यांपेक्षा कुंचल्याने अधिक केली. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली शीर्षके ज्यांनी पाहिली असतील, त्यांना हे निराळे सांगावयास नको. नाटकाचा स्वभाव नावाच्या वळणातच उतरलेला असे.

मात्र देवनागरीत हे काम अवघड. रोमन अक्षरे सुटी उभी राहतात, आपली शिरोरेषेला लटकतात. ओरखडा नेमका सांध्यावर पडला की शब्द तुटतो. पोटातली तिरकी रेघ झिजली तर ‘ष’चा ‘प’ होतो आणि ‘ब’चा ‘व’. बडोद्याचे वडोदरा व्हावयास १९७४ साल उजाडावे लागले; खिळ्याला एक टवका पुरे! अनुस्वार तर डागांच्या गर्दीत हरवतोच. संगणकीय अक्षरांची आणखी एक चोरी उघडी पडते : ‘काका’ असे मोठ्या आकारात लिहून पाहावे, दोन्ही ‘क’वर तोच ओरखडा! म्हणून जाणते लोक एकेका अक्षराची दोन-तीन रूपे करून ती आळीपाळीने येतील अशी योजना करतात.

नाटकाचा फलक, रहस्यकथेचे मुखपृष्ठ, खाणावळीची पाटी येथे हे अक्षर शोभते. लग्नपत्रिकेत नको, आणि बारीक मजकुरात तर नकोच नको.

आमच्या सयाजीराव विद्यापीठात कला शिकलेले हनीफ कुरेशी यांनी गावोगावच्या रंगाऱ्यांची अक्षरे जमवून त्यांचे संगणकीय टाइप करविले, आणि त्यांना त्या त्या रंगाऱ्याचेच नाव दिले. २०२४ मध्ये ते वारले. फ्लेक्सने ज्यांचा धंदा बसविला, त्यांचे निदान नाव तरी टाइपांच्या यादीत राहिले.

दांडिया बाजारातील ती पाटी मी मागून घेतली. पुसताना ध्यानात आले की, शिरोरेषा सर्वांत शेवटी, अक्षरांवरून एका दमात ओढलेली आहे. रंगारी गुजराती असावा; त्याच्या लिपीला शिरोरेषा नाही. उजव्या टोकाशी कुंचल्यातला रंग संपत आला होता.