राखाडी राणी

लॉस एंजेलिसला मुलाबाळांकडे गेलेली आपली मंडळी जवळच्या लाँग बीचला नांगरलेली ‘क्वीन मेरी’ ही जुनी प्रवासी बोट हमखास बघून येतात आणि येताना भुतांच्या गोष्टी घेऊन येतात. भुतांचं सोडा, दुसऱ्या महायुद्धातल्या तिच्या कामगिरीबद्दलही ऐकीव गोष्टी कमी नाहीत.

गैरसमज: तिच्याभोवती कायम युद्धनौकांचं कडं असे.

वस्तुस्थिती: अटलांटिकचा बराचसा पल्ला ती एकटीच मारायची. तिचा वेग ताशी २८ सागरी मैलांच्या पुढे. जर्मन पाणबुडी पाण्यावर जेमतेम १७-१८ आणि पाण्याखाली त्याच्या निम्म्यानेही नाही. काफिल्यात घातली असती तर मालवाहू बोटींच्या चालीनं रांगावं लागलं असतं. आरमाराची सोबत मिळायची ती किनारा जवळ आल्यावर.

गैरसमज: सैनिकांना आलिशान बोटीची फुकट सफर घडली.

वस्तुस्थिती: गालिचे, फर्निचर, काचसामान सगळं आधीच उतरवलेलं. १९४० मध्ये सिडनीला तिची सैन्यवाहू बोट झाली तेव्हा सोय होती पाचेक हजारांची. जुलै १९४३ मध्ये न्यूयॉर्कहून स्कॉटलंडला जाताना खलाशांसह माणसं होती १६,६८३! एका बोटीवर इतकी माणसं पुन्हा कधी चढली नाहीत. एकावर एक टांगलेल्या बिछान्यांवर पाळीपाळीनं झोपायचं, जेवण दिवसातून दोनदा, आणि लाल, पांढरा, निळा यांपैकी ज्या रंगाचा बिल्ला मिळेल त्या रंगाचा भाग सोडून दुसरीकडे फिरकायचं नाही. मे १९४३ मध्ये चर्चिल याच बोटीनं अमेरिकेला गेले, तेव्हा हजारो जर्मन युद्धकैदीही बोटीवर होते.

गैरसमज: माणसं बुडत असताना निघून जाणारा कप्तान निर्दयच असणार.

वस्तुस्थिती: २ ऑक्टोबर १९४२. आयर्लंडच्या उत्तरेला तिला सोबत करायला ‘कुराकोआ’ ही जुनी क्रूझर आली होती. पाणबुडीला नेम धरता येऊ नये म्हणून ‘क्वीन मेरी’ नागमोडी धावत होती. क्रूझर दमून सरळ रेषेत. समोरचाच बाजूला होईल असं दोघांनीही धरलं. ८१ हजार टनांच्या बोटीनं चार हजार टनांची क्रूझर मधोमध कापली. आत बसलेल्या कित्येक सैनिकांना नुसता हिसका जाणवला. क्रूझरवरचे सव्वातीनशेहून अधिक खलाशी गेले, शंभरेक वाचले.

‘क्वीन मेरी’वर दहाएक हजार अमेरिकी सैनिक होते आणि काही झालं तरी थांबायचं नाही, असा हुकूम होता. थांबलेली बोट म्हणजे पाणबुडीला आयतं सावज. कप्तान इलिंगवर्थ यांनी मागच्या विनाशिकांना बिनतारी संदेश धाडला आणि फाटलेल्या नाळेनिशी बोट कमी वेगानं स्कॉटलंडला नेली. तिथं भोकात सिमेंट ओतलं, पक्की दुरुस्ती पुढे बॉस्टनला झाली. बातमी मात्र युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवली.

टक्कर कोणाच्या चुकीनं झाली, याचा खटला १९४९ पर्यंत चालला. दोन तृतीयांश दोष आरमाराच्या पदरात पडला, एक तृतीयांश ‘क्वीन मेरी’च्या.