शालेय अभ्यासक्रमाचे अंतरंग
लेखांक चौथा : सहावी ते आठवी – अनेक तास, अनेक पुस्तके

गेल्या लेखांकात पाचवीपर्यंतच्या अभ्यासक्रमाचे विवेचन पूर्ण झाले. त्या पाच वर्षांत विषयांची संख्या बेताची असते आणि भोवतालच्या सृष्टीची, गावाची व पूर्वजांची जी काही माहिती मुलास द्यावयाची ती ‘परिसर अभ्यास’ या एकाच नावाखाली दिली जाते. सहावीत प्रवेश करताच ही घडण पालटते. परिसर अभ्यासात एकत्र नांदणारे विषय सामान्य विज्ञान, भूगोल, इतिहास आणि नागरिकशास्त्र अशी स्वतंत्र नावे धारण करून वेगळे होतात, प्रत्येकाचा तास ठरतो, प्रत्येकाची वही निराळी होते, आणि घंटा झाली की एक शिक्षक वर्गाबाहेर पडून दुसरे आत येतात. महाराष्ट्र राज्याच्या मराठी माध्यमाच्या शाळांत या तीन इयत्तांत मुले नेमके काय शिकतात, आणि एका तासाला शिकलेले दुसऱ्या तासाला कितपत उपयोगी पडते, याचा विचार आज करावयाचा आहे. सहावी, सातवी आणि आठवीची पुस्तके अनुक्रमे २०१६, २०१७ आणि २०१८ साली ‘बालभारती’ने नव्याने काढली, पुढील विवेचनास त्याच पुस्तकांचा आधार आहे.

प्रथम कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या अधिनियमाने या तीन इयत्तांसाठी वर्षाकाठी किमान २२० दिवस व १००० तास अध्यापन, पस्तीस मुलांमागे एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा या तीन गटांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक अशी तजवीज केली आहे. मुंबई इलाख्यात एके काळी सातवी हा शिक्षणाचा शेवट असे. ‘व्हर्नाक्युलर फायनल’ उत्तीर्ण झालेला तरुण प्राथमिक शाळेत शिक्षक म्हणून उभा राहण्यास पात्र समजला जाई, आणि म्हणून सातवीपर्यंतचे ज्ञान आपल्यापुरते परिपूर्ण असावे, अशी अपेक्षा असे. आज सातवी हा मधला मुक्काम आहे. येथे काही संपत नाही, आणि कदाचित त्यामुळेच पालकांचे लक्ष या तीन वर्षांवर सर्वांत कमी असते. पहिलीचे कौतुक होते, दहावीची धास्ती असते, मधली वर्षे मात्र कोणाच्या फारशी नजरेत न येता सरतात. आणि माझ्या मते मुलाच्या बुद्धीत सर्वांत मोठे स्थित्यंतर घडते ते नेमके याच वर्षांत.

हे स्थित्यंतर असे की, ज्या वस्तू हाताने चाचपता येत नाहीत, डोळ्यांनी पाहता येत नाहीत, किंबहुना ज्या मानवी बुद्धीने केवळ सोयीसाठी कल्पिल्या आहेत, त्यांच्याविषयी नियमाने विचार करण्याची सवय येथे प्रथम लागते. पाचवीपर्यंतची संख्या ही कशाची तरी संख्या असते. सहावीत पूर्णांक संख्यांच्या प्रकरणात शून्याच्या डावीकडील ऋण संख्या भेटतात, आणि सातवीत त्यांचा परस्परांशी गुणाकार करण्याची पाळी येते. त्याच सहावीत भूगोलाचा आरंभ अक्षवृत्ते व रेखावृत्ते यांनी होतो, जी कोणत्याही शेतातून अथवा समुद्रातून आखलेली आढळत नाहीत. विज्ञानात नुसत्या डोळ्यांना अगोचर असलेली पेशी येते, तर नागरिकशास्त्रात सातवीस संविधान येते, ज्याचे पुस्तक हातात धरता येते पण ज्याची सत्ता कोठे राहते हे बोटाने दाखविता येत नाही. गणित, भूगोल, विज्ञान आणि नागरिकशास्त्र या चार तासांत एकाच बौद्धिक शक्तीचा व्यायाम चाललेला असतो. मुलास हे कोणी सांगत नाही. त्याला ते चार निरनिराळे कठीण विषय वाटतात.

सूर्य आणि घड्याळ यांचे उदाहरण या दृष्टीने विशेष विचार करण्यासारखे आहे. सातवीच्या भूगोलात ऋतुनिर्मितीचे प्रकरण दोन भागांत विभागले असून पहिला भाग पुस्तकाच्या आरंभी आणि दुसरा बराच पुढे येतो. ही विभागणी मला अत्यंत विचारपूर्वक केलेली वाटते. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यास सुरू होतात, आणि वर्षातील सर्वांत मोठा दिवस त्यानंतर लगेच, २१ जूनच्या सुमारास येतो. तेव्हा मुलाने निरीक्षणास प्रारंभ करावा, सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा टिपाव्यात, सावली कोठून कोठे सरकते ते पाहावे, आणि डिसेंबरचा लहान दिवस पाहिल्यानंतर कारणाचा शोध घ्यावा, असा हा क्रम आहे. पुण्यास जूनमधील तो दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा व डिसेंबरातील लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, म्हणजे फरक सहज नोंदता येण्याजोगा आहे. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे वाक्य पाठ करणारी मुले पुष्कळ असतात. तो कोन सहावीच्या गणितात कोनमापकाने मोजलेल्या कोनाच्याच जातीचा आहे, हे ध्यानात आलेली मुले थोडी. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जाते, त्यामुळे आपल्या राज्यात सर्वत्र वर्षातून दोनदा मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दुर्दैवाने यांतील पहिला दिवस मे महिन्यात, ऐन सुटीत पडतो, आणि दुसरा जुलै-ऑगस्टात, पावसाळी ढगांच्या आड. सुटीतील तो दिवस मुलांना घरी करावयाचा प्रयोग म्हणून आधीच नेमून द्यावा, एवढे भूगोलाच्या शिक्षकांना मी आग्रहाने सुचवीन.

आठवीत हाच धागा पुढे जातो. तेथे भूगोलाचे पहिले प्रकरण स्थानिक वेळ व प्रमाण वेळ यांचे आहे. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणून एका अंशास चार मिनिटे, हे केवळ समप्रमाणाचे उदाहरण होय, आणि समप्रमाण मूल सातवीच्या गणितात शिकून आलेले असते. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांत सहा अंशांहून किंचित अधिक अंतर आहे, तेव्हा नागपुरास सूर्य माथ्यावर आल्यानंतर सुमारे २५ मिनिटांनी तो मुंबईस माथ्यावर येतो. भारताची प्रमाण वेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व या रेखावृत्तावरून घेतली जाते. ती १९०६ पासून लागू झाली, परंतु मुंबई शहरात तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली जुनी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत व्यवहारात टिकून राहिली. असे का व्हावे, याचे उत्तर भूगोलात मिळत नाही. वंगभंगाच्या चळवळीने वातावरण तापलेले असताना सरकारी हुकुमाने आलेली ही वेळ मुंबईतील अनेकांना परकी वाटली. आणि वंगभंग हा विषय त्याच आठवीच्या इतिहासात आहे. भूगोलाचे प्रश्नचिन्ह इतिहासाच्या तासापर्यंत नेऊन पोचविणारा कोणी असेल, तर त्या वर्षी मुलाला एका घड्याळातून गणित, भूगोल व इतिहास हे तिन्ही विषय एकदम दिसू शकतात.

सातवीच्या इतिहासाचा गाभा म्हणजे शिवपूर्वकाळ, स्वराज्याची स्थापना आणि मराठी सत्तेचा विस्तार. त्याच वर्षी भूगोलाच्या शेवटच्या भागात समोच्चरेषांचा नकाशा येतो: समान उंचीची स्थळे जोडणाऱ्या रेषा जेथे दाटीने येतात तेथे उतार तीव्र, जेथे विरळ होतात तेथे सौम्य. हे समजावून देण्यासाठी बहुधा फळ्यावर एखादी काल्पनिक टेकडी काढली जाते. वास्तविक समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीचा, चहूबाजूंनी तुटलेल्या कड्यांचा आणि माथ्यावर प्रशस्त असलेला रायगड यासाठी सिद्धच आहे. त्याच्या नकाशात कड्यांपाशी रेषा एकमेकींस जवळजवळ चिकटतात आणि माथ्यावर मोकळ्या होतात, आणि ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक जेथे झाला ते स्थान राजधानीस का योग्य ठरले, याची निदान अर्धी कारणमीमांसा त्या रेषांतच वाचता येते. अफजलखानास वाईच्या मोकळ्या मुलुखातून जावळीच्या खोऱ्यात, प्रतापगडाच्या पायथ्याशी येण्यास भाग पाडण्यात महाराजांचे जे कौशल्य होते, ते तर समोच्चरेषा वाचता आल्याविना मुलाच्या पूर्णपणे ध्यानी येणेच अशक्य. हत्ती, तोफा व घोडदळ यांसह चालणाऱ्या फौजेला कोणत्या उतारावर आपले बळ वापरता येईल आणि कोणत्या उतारावर येणार नाही, हा प्रश्न नकाशाचा आहे. तरीही इतिहासाच्या परीक्षेत १६५९ हे साल विचारले जाते आणि भूगोलाच्या परीक्षेत समोच्चरेषेची व्याख्या. हा विच्छेद मला मनापासून खटकतो.

क्रमाची अडचणही काही ठिकाणी आहे. हवेचा दाब आणि वारे ही प्रकरणे भूगोलात सातवीत येतात, परंतु बल आणि क्षेत्रफळ यांच्या संबंधातून दाबाचे पद्धतशीर विवेचन विज्ञानाच्या पुस्तकात आठवीत होते. म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे कारण मूल आधी शिकते व ज्या राशीवर ते कारण उभे आहे तिचा परिचय त्याला वर्षभराने होतो. याला मी मोठा दोष म्हणणार नाही, कारण महाराष्ट्रातील मुलाला मोसमी पावसाचा अनुभव कोणत्याही व्याख्येच्या आधी आलेला असतो; मात्र आठवीत विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकाने सातवीचे भूगोलाचे पुस्तक उघडून पाहिले असेल, तर त्याला आपल्या विषयाचा आरंभ शून्यापासून करावा लागणार नाही. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, ही विषमता दाब, वारे आणि सह्याद्रीचा अडसर यांचा परिणाम आहे. मराठीच्या शिक्षकाने त्याच आठवड्यात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील, धनगरांच्या वस्तीवर शाळा चालविण्यास गेलेल्या तरुण मास्तराच्या कथेची काही पाने वाचून दाखविली, तर पर्जन्यछायेच्या प्रदेशात माणसे कशी जगतात, हे मुलांना नकाशाहून अधिक खोलवर समजेल. भाषेच्या तासाचे प्रयोजन व्याकरण आणि प्रश्नोत्तरे एवढ्यापुरते राहू नये, असे मला तीव्रतेने वाटते, कारण इतर साऱ्या विषयांचे विचार अखेर ज्या वाक्यांत मांडावयाचे ती वाक्ये रचण्याचे शिक्षण तेथेच मिळते.

नागरिकशास्त्राविषयी एकच गोष्ट सांगतो. सातवीत मूलभूत हक्कांचे प्रकरण आहे. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा समावेश अनुच्छेद २१-क म्हणून याच हक्कांत झाला. बारा-तेरा वर्षांचे मूल हे प्रकरण ज्या बाकावर बसून वाचते, त्या बाकावर बसण्याचा त्याचा अधिकार त्याच प्रकरणात नमूद आहे. संविधानातील दुसरा कोणताही हक्क त्या वयात इतका निकट नसतो. आणि चौदा वर्षे पूर्ण होताच ही हमी संपते, हेही त्याला सांगितले पाहिजे. विशेषतः ज्या गावांत आठवीनंतरची शाळा दूर आहे तेथील मुलींना, कारण त्यांच्यापुढे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

विषय परस्परांशी जोडून शिकवावेत, हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने सात वर्षांच्या मूलोद्योगाधिष्ठित शिक्षणाची जी योजना आखली, तिच्यात समवायपद्धतीला मध्यवर्ती स्थान होते: टकळीवर सूत काढताना लांबी मोजणे हे गणित, कापसाची लागवड हे शेतीशास्त्र, आणि वस्त्रव्यवसायाची हानी कशी झाली हा इतिहास. ती योजना सार्वत्रिक झाली नाही. पुढे कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ग्रामीण शिक्षणाचे कार्य केले होते. आजच्या वेळापत्रकातील कार्यानुभवाचा तास हा त्याच विचाराचा वारसा होय. तो तास अनेकदा गणिताचा राहिलेला भाग पुरा करण्यासाठी खर्ची पडतो. तेथे मुलांनी शाळेच्या आवाराचा प्रमाणबद्ध आराखडा काढला, परसबागेच्या वाफ्यांचे क्षेत्रफळ मोजले, मातीचा पोत हाताने पाहिला, तर सहावीचे गुणोत्तर, सातवीची मृदा आणि आठवीचे नकाशाप्रमाण यांचा उपयोग एकाच दुपारी होईल.

यासाठी नवा हुकूम निघण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जूनमध्ये पाठ्यपुस्तके हाती आली की एका इयत्तेस शिकविणाऱ्या सर्व शिक्षकांनी एकत्र बसून ती सारी पुस्तके शेजारी-शेजारी उघडावीत, कोणता विषय कोणत्या महिन्यात कोणत्या विषयास येऊन मिळतो याचे टाचण करावे, आणि घटक नियोजनात तशी अदलाबदल करावी. समोच्चरेषा शेवटच्या प्रकरणात छापल्या आहेत म्हणून त्या शेवटीच शिकवल्या पाहिजेत, असे बंधन कोणत्याही परिपत्रकाचे नसावे आणि असल्यास ते बदलून घेण्यासाठी शिक्षकांनी अर्ज करावा. ज्या लहान शाळांत एकच शिक्षक दोन-तीन विषय सांभाळतो, तेथे शिक्षकांच्या तुटवड्यामुळे हाल होतात हे खरेच आहे, आणि त्या तुटवड्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु त्या शिक्षकाच्या एकाच डोक्यात इतिहास आणि भूगोल असतात, आणि रायगडाचा नकाशा इतिहासाच्या तासास उघडण्यासाठी त्याला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

सातवी-आठवीत आकारिक मूल्यमापनास ४० आणि संकलित मूल्यमापनास ६० टक्के भार असतो. त्या चाळीस टक्क्यांत अशा संयुक्त कामांची नोंद कशी करता येईल, याचा तपशील पुढील लेखांकात.